हँडबिलाची हद्द

विक्रीचा मजकूर म्हणजे विकणारा समोर नसताना त्याच्या वतीने बोलणारे शब्द. दुकानात बसलेला माणूस गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून बोलणे बदलतो. छापलेल्या कागदाला ते जमत नाही. म्हणून कागदावर काय लिहायचे याचा विचार आधीच करावा लागतो, आणि त्या कागदाकडून किती अपेक्षा ठेवायची याचा त्याच्याही आधी.

खानदेशात असा कागद वर्षभर हातात पडत असतो. मृगबागेच्या, म्हणजे मृगाच्या सुमारास लावायच्या केळीच्या, लागवडीआधी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात टिश्यूकल्चर रोपांची हँडबिले फिरतात. कपाशीच्या पेरणीआधी धुळे, पारोळा, अमळनेरकडच्या भिंती बियाण्यांच्या नावांनी रंगतात. लग्नसराईत जळगावच्या सराफ बाजाराच्या जाहिराती वर्तमानपत्रात पानभर येतात. माल वेगवेगळा असला तरी जाहिरात देणाऱ्याची समजूत बहुधा एकच असते: मजकूर जोरदार असला की माल खपतो. या समजुतीपायी लहान दुकानदाराचे कष्टाचे पैसे वाया जातात, म्हणून ती तपासून पाहायला हवी.

अमेरिकी जाहिरात-लेखक यूजीन श्वार्ट्झ यांनी १९६६ च्या ‘ब्रेकथ्रू ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात या प्रश्नाला थेट हात घातला. मजकूर माणसाच्या मनात इच्छा निर्माण करू शकत नाही, आधीपासून असलेली इच्छा एखाद्या मालाकडे वळवू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. खानदेशातले ठिबक सिंचन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांची कंपनी ठिबककडे वळली. केळीला पाणी भरपूर लागते, यावल-रावेरच्या विहिरींची पातळी खाली चाललेली, त्यात विजेचे भारनियमन. गरज अगोदरच शेतात उभी होती. नव्या नळ्यांवर विश्वास बसायला मात्र शेतकऱ्याला चालू असलेला संच डोळ्यांनी पाहावा लागला, आणि जळगावच्या जैन हिल्सवरच्या प्रात्यक्षिक क्षेत्रांनी ते काम केले. अशा ठिकाणी मजकुराचे काम शेतकऱ्याला बांधापर्यंत आणण्याचे. पुढचे काम बांधच करतो.

ठिबकच्याच बाबतीत शब्दांची निवड किती नाजूक असते, हेही दिसते. ‘पाणी वाचवा’ हे वाक्य समाजहिताचे आहे, पण कर्ज काढून संच घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात पाणी वाचवणे हा हेतू क्वचित असतो. त्याला आहे त्याच विहिरीवर आणखी बाग भिजवायची असते. ‘विहीर तीच, बाग वाढवा’ असे लिहिले तर तोच संच त्याच्या हिशेबात बसतो. ही गरज लेखकाने शोधून काढलेली नसते. ती पारावर रोज बोलली जाते, ऐकणारा हवा.

शब्दांना काय जमत नाही, हे कपाशीने दाखवले. बोंडअळीला तोंड देण्यासाठी बनवलेल्या बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत २०१६ पासून केंद्र सरकार ठरवते. त्यामुळे कंपन्यांना भावात फारशी चढाओढ करता येत नाही आणि सगळा भार दाव्यांवर येतो. बोंडे मोठी, उत्पन्न विक्रमी, अळीची चिंता नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचेही मोठे नुकसान केले. ज्या शेतकऱ्याने अळीची चिंता सोडून दिली होती, त्याला फुटलेल्या बोंडात किडका कापूस दिसला. चांगल्या मजकुराने वाईट माल एक हंगाम विकला जातो. दुसऱ्या हंगामात तोच मजकूर विक्रीच्या आड येतो, कारण गावात पीक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभे असते. कायद्याची हद्दही आहेच: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सराफ बाजारातले उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. जळगावच्या सोन्याचा लौकिक शुद्धतेचा, म्हणून शुद्धतेची हमी हा तिथल्या जाहिरातींचा कणा होता. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक बंधनकारक झाला. २२ कॅरेटचा ‘९१६’ आकडा आता कोणत्याही गावच्या दुकानात दिसू शकतो. सगळेच जे म्हणू शकतात, ते म्हणून गिऱ्हाईक एका दुकानाकडे वळत नाही. काउंटरवर बायका काय विचारतात, तिकडे अशा वेळी कान द्यावा लागतो. ग्रॅममागे घडणावळ किती? मोडायला आणले तर घट किती धरणार? खड्याचे वजन सोन्यात धरता का? या तीन प्रश्नांची आकड्यांत उत्तरे देणारी जाहिरात फार दिसत नाही, आणि जो दुकानदार ती छापायला तयार आहे त्याला विशेषणांची गरज उरत नाही.

मजकूर सुधारायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे एका हँडबिलावर पाहता येते. केळीच्या रोपांचा नेहमीचा मजकूर असा असतो: ‘उत्कृष्ट दर्जाची, रोगमुक्त, भरघोस उत्पन्न देणारी रोपे. त्वरित संपर्क साधा.’ यातला प्रत्येक शब्द शेजारच्या रोपवाटिकेलाही वापरता येईल. शिवाय ‘रोगमुक्त’ हा शब्द धोक्याचा आहे. सीएमव्ही हा विषाणू मावा किडीमार्फत बागेत पसरतो. रोप प्रयोगशाळेतून निरोगी निघाले तरी महिन्याभराने शेतात रोग येऊ शकतो. तसे झाले की शेतकरी हँडबिल घेऊन दारात उभा राहतो, आणि त्याचे चुकत नाही.

त्याच जागी असे लिहिता येईल: ‘ग्रँड नैन वाण. विषाणूची तपासणी झालेली, पाच-सहा पानांची, हार्डनिंग केलेली रोपे. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४२ रोपे लागतात. नांग्या भरायला महिन्याच्या आत मेलेल्या रोपांइतकी रोपे मोफत. गेल्या वर्षीच्या बागा पाहायच्या असतील तर फोन करा, पत्ते देऊ.’ यात मोठा शब्द एकही नाही. एकरी रोपांचा आकडा साध्या भागाकाराचा आहे, पण तो छापला की वाचणारा मनातल्या मनात स्वतःच्या शेताचा हिशेब करू लागतो. ‘नांग्या’ (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) हा शब्द दिसला की लिहिणाऱ्याने बाग पाहिलेली आहे, हे त्याला कळते. अर्थात मोफत रोपे द्यायची तयारी मालकाची हवी. ती नसेल तर ते वाक्य लिहू नये. मजकूर सुधारताना असे अनेकदा लक्षात येते की सुधारायला हवा तो मुळात व्यवहार.

भाषेचा प्रश्न इथे थोडा गुंतागुंतीचा आहे. धुळे-अमळनेरकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, आणि पैशाअडक्याचे लेखी काम मात्र प्रमाण मराठीत. मुंबईत इंग्रजीतून विचार करून मराठीत उतरवलेली स्वप्नांची वाक्ये या मुलखात कोरडी वाटतात. पण बोलीची नक्कल करून लिहिणे त्याहून वाईट, कारण त्यात वाचणाऱ्याला आपली थट्टा ऐकू येते. रिक्षावरच्या भोंग्यातून बोली शोभते, ती बोलणारा त्या गावचा असेल तर. छापील कागदावर साधी मराठी आणि धंद्यातले खरे शब्द पुरतात.

मजकूर चांगला झाला की नाही, हे लेखकाच्या आवडीवर सोडू नये. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स यांनी कूपनांवर खुणा करून कोणती जाहिरात विकते हे मोजण्याची पद्धत रूढ केली. १९२३ च्या त्यांच्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकाचा तो गाभा आहे. रोपवाटिकेला हेच दोन मोबाइल क्रमांकांवर करता येते: जुन्या मजकुरावर एक, नव्यावर दुसरा, आणि दोन्ही हँडबिले एकाच बाजाराच्या दिवशी वाटायची. आकडे वाचताना मात्र घाई नको. हजार-हजार कागद वाटून एकावर सहा आणि दुसऱ्यावर नऊ फोन आले, तर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. वीस विरुद्ध साठ आले तर नवा मजकूर ठेवावा. फोनही पुरेसे नाहीत. त्यातून किती बुकिंग झाले, हे वहीत वेगळे लिहावे लागते.

आणि मजकूर खरा ठरला का, या मोजणीला केळीच्या बाबतीत एक वर्ष लागते, हे मान्य करावे लागते. मृगबागेची कटाई सुरू होते तेव्हा पुढच्या लागवडीची बोलणी त्याच बांधावर चालू असतात. मजकूर लिहिणाऱ्याने त्या दिवशी तिथे असावे. घडांचे वजन होते, रास, म्हणजे घडाचे सरासरी वजन, कितीची पडली ते मोठ्याने सांगितले जाते, थंडीत चरका बसला तेव्हा बाग कशी सावरली हे शेजारी एकमेकांना विचारतात. यंदाच्या हँडबिलातले कोणते वाक्य खरे ठरले आणि कोणते खोडायचे, हे तिथेच समजते, आणि पुढच्या वर्षीचे पहिले वाक्यही बहुधा त्याच बोलण्यात सापडते.