पाठीवरची कवटी

गेल्या श्रावणात एका रात्री आमच्या ट्यूबलाइटवर एक भला मोठा पतंग येऊन आदळला. उडवायचा नव्हे, उडणारा. मी झाडू उगारला, तर तो चक्क ‘चीं चीं’ करून ओरडला. माझ्या धाकाने ओरडलेला हा आयुष्यातला पहिलाच प्राणी! जवळ जाऊन पाहतो तो काय, पाठीवर हुबेहूब माणसाची कवटी!

“अहो, अपशकुन आहे. मारा आधी!” हिने फर्मावले.

चिरंजीवांनी पुस्तक काढले. प्रजाती अकेरॉन्शिया. तिच्यात जाती इनमिन तीन. प्रजातीचे नाव ग्रीकांच्या पाताळातल्या नदीवरून, म्हणजे त्यांची वैतरणीच म्हणा ना! पहिली जात अ‍ॅट्रॉपॉस, आयुष्याचा धागा कापणारी देवी. हे बारसे लिनियसने १७५८ साली केले. दुसरी लॅकेसिस, धागा मोजणारी. ते फॅब्रिसियसने १७९८ साली. तिसरी स्टिक्स, पुन्हा पाताळातलीच नदी. धागा कातणारी जी पहिली बहीण, तिला या घरात जागाच नाही. आमचा पाहुणा निघाला लॅकेसिस.

आता गुन्हा काय, तर पाठीवरचा डाग. तो बिचाऱ्याने काढून घेतलेला नाही आणि त्याला तो दिसतही नाही. खरा गुन्हा निराळाच आहे. हे पतंग मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतात. अ‍ॅट्रॉपॉसच्या अंगाला तर माश्यांसारखाच वास येतो, म्हणून त्या त्याला घरचा समजतात. बँकेच्या भाषेत, खोट्या सहीवर दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढणे. पण चोरीवरून शास्त्रीय नाव कुणीच ठेवले नाही. ठेवले ते तोंडावळ्यावरून, तेही पाठीच्या!

मी हसलो, पण फार वेळ नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी काउंटरवर एक दाढी वाढलेला, चुरगळल्या शर्टातला माणूस चेक घेऊन आला. मी त्याची सही तीनदा ताडून पाहिली आणि “उद्या या” म्हणून त्याला परत पाठवले. त्याच्या मागच्या सफारीवाल्याचा चेक मात्र हसतमुखाने पास केला. सही खोटी निघाली ती सफारीवाल्याची. पहिल्याची दाढी सुतकाची होती. पैसे वडिलांच्या दिवसांसाठी हवे होते. तो पुन्हा आला तेव्हा मुंडण केलेला होता. मी ओळखलेच नाही. चेक ताबडतोब पास! नाव वाचेपर्यंत तो दाराबाहेर गेला होता. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

मी दिवा मालवला आणि खिडकी उघडली.

“मारलात का?” अंधारातून प्रश्न आला.

“गेला,” मी म्हटले.

कुणाचे तरी पोळे लुटायला गेला असेल. त्याबद्दल त्याला काय बोलायचे ते खुशाल बोला.