अंगात येणं आणि आकडी येणं

वाई तालुक्यातल्या मांढरदेवला काळुबाईसमोर वाद्यं घुमू लागली की कुणा बाईच्या अंगात येतं. केस मोकळे सुटतात, ती घुमते, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरंही देते. त्याच तालुक्यात कुठल्याशा घरी पोरगं अचानक ताठ होऊन पडतं. दातखीळ बसते, तोंडाला फेस येतो आणि कुणीतरी चप्पल हुंगवायला धावतं. बाईच्या अंगात देवी, पोराला मात्र ‘बाहेरचं’! गावानं केलेली ही वाटणी मोठी अजब.

मेंदूविकाराचा डॉक्टर वेगळी वाटणी करतो. घुमणारीला सहसा आजूबाजूचं थोडंफार भान असतं. मोठी आकडी आलेल्याची शुद्ध पूर्ण हरपते, जीभ चावली जाते, नंतर काही आठवत नाही. पण एवढं कळल्यावर देवी खोटी ठरते का?

हा वाद जुनाच. ग्रीक ज्याला ‘पवित्र रोग’ म्हणत त्या आकडीच्या रोगाचं मूळ मेंदूत आहे, असं हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या ग्रंथानं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास सांगितलं. चरकसंहितेनंही हाच आजार, म्हणजे अपस्मार, स्मृती हरपण्याचा रोग मानून त्यावर औषधी तूप सुचवलं. म्हणजे आपल्याकडेही वैद्य केवळ देवऋष्याच्या वाटेनं गेला नव्हता.

मिरजेत वैद्यक शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापली. त्यांचा विरोध देवाला नव्हता, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला होता. २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदाही कुणाच्या श्रद्धेची झडती घेत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारहाण करणं याला तो शिक्षा सांगतो.

हीच रेघ योग्य. ईईजीचा कागद मेंदूतल्या विजेचा आलेख दाखवतो. देव आहे की नाही, हे त्यावर उमटत नाही. तसंच देवीचा कौल गोळीचा डोस ठरवू शकत नाही. नीट उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्णांच्या आकड्या थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिंदू विवाह कायद्यानं लग्नाच्या अटींतून अपस्मार १९९९ मध्येच वगळला. सोयरीक जुळवणाऱ्यांना मात्र अजून पत्ता नाही.

घरच्यांनी अंगारा लावायचा तर खुशाल लावावा, पण गोळी चुकवू नये. आकडी आली तर चप्पल, कांदा बाजूला ठेवा, तोंडात काही घालू नका, माणसाला कुशीवर वळवा. आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.