दोन दीनार आणि डॉक्टरांची चिठ्ठी



18 ऑक्टोबर हा संत लूक यांचा सण. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख वैद्य म्हणून केला आहे. चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला केवळ त्यांच्याच शुभवर्तमानात आढळतो. जखमांवर ओतलेले तेल व द्राक्षारस आपल्याला आठवतो, पण दुसऱ्या दिवशीचा हिशेब आपण विसरतो. शोमरोनी माणूस उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे वचन देतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. खर्चाची काळजी वाहणे हादेखील दयेचाच भाग आहे.

आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर काय घडते? ताप उतरत नाही म्हणून एखादा मजूर डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर रक्ताच्या तपासण्या व सोनोग्राफी लिहून देतात. लॅबमध्ये आकडा ऐकून तो चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो आणि घरी परततो. लाजेने पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. डॉक्टरांना वाटते, बरा झाला असेल!

डॉक्टर निर्दयी असतात असे नव्हे. पुष्कळदा आपण लिहिलेल्या तपासणीचा दर त्यांनाच ठाऊक नसतो. आपल्या धर्मग्रामात जे डॉक्टर व परिचारिका आहेत, त्यांना प्रेमाची विनंती : जवळच्या लॅबचे दर विचारून ठेवा. चिठ्ठी देताना विचारा, "हे झेपेल ना?"

आणि रुग्णांनो, दर विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. "आधी कोणती तपासणी गरजेची? स्वस्त औषध चालेल का?" असे जरूर विचारा. 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय त्यांपैकीच एक. महात्मा फुले जन आरोग्य योजना मोठ्या शस्त्रक्रियांना आधार देते. रोजच्या गोळ्यांचा भार मात्र घरावरच पडतो.

म्हणून या आठवड्यात शेजारच्या आजाऱ्याला केवळ "तब्येत कशी आहे?" एवढेच विचारू नका. "औषधे आणलीत का?" असेही विचारा. कदाचित आपले दोन दीनार तेथेच लागणार असतील.

संत लूक, आम्हासाठी विनंती कर. आमेन.