जांब, सैंधव आणि पारख

सज्जनहो, प्रश्न लहान आहे, पण दर एकादशीला फराळाच्या ताटाबरोबर तो समोर येतो. देवाने दिले ते गोड मानून घ्यावे, ही आपली शिकवण. मग बाजारात टोपलीपुढे बसून ‘हे नको, ते दे’ म्हणत फळ निवडणे समाधानाच्या आड येते काय? आणि वर भुरभुरायला सैंधव आहेच. त्याने कोणतेही फळ चवीला लागते. तर निवडीची एवढी खटपट कशाला?

आमच्या जानेफळच्या भागात पेरूला जांब म्हणतात. पावसाळ्यातला जांब पाणचट असतो. मृगाच्या पावसावर धरलेला बहार कार्तिकाच्या सुमारास बाजारात येऊ लागतो आणि थंडीत त्याची खरी गोडी उतरते. हे झाड मूळचे अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आले. आज ज्याला ‘सरदार’ किंवा ‘लखनौ ४९’ म्हणतात, तो जांब १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत अलाहाबादी सफेद्याच्या रोपांतून निवडला गेला. म्हणजे आपण निवडण्याआधी कोणीतरी आपल्यासाठी निवडलेलेच असते. निवड हाच दोष मानला, तर हे फळही आपल्या हाती आले नसते.

आता मिठाचे पाहा. सैंधव म्हणजे सिंधू देशाकडचे, खाणीतून निघणारे मीठ. पुष्कळ घरांत उपासाला साधे मीठ चालत नाही, हे चालते. खडा खलात कुटावा, भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळावी; ज्यांच्या उपासाला चालते त्यांनी चिमूटभर तिखट घालावे. चिमूटभर मीठ फळातला कडवटपणा दाबते, म्हणून आतली गोडी पुढे येते. पण आत गोडी नसेल तर पुढे काय येणार? कच्च्या जांबाच्या तुरटपणावर आपण मूठभर मीठ टाकतो, तेव्हा जीभ मिठाची चव सांगते, फळाची नव्हे. मीठ फळाला उजेडात आणते. ते फळाला पिकवीत नाही.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मिठाचा खडा टाकायला सांगतात. सकाळी खडा शोधला तर सापडत नाही. वरचे पाणी चाखले, मधले चाखले, तळचे चाखले, सगळीकडे खारट. दिसत नाही, पण आहे. तेथे गोष्ट ब्रह्माची आहे, पण मिठाचा धर्मही त्यात कळतो. त्याने विरून जावे आणि दुसऱ्याला चव आणावी.

आयुष्यभर वीणेपुढे उभा राहिलो, म्हणून कीर्तनातले सांगतो. आपल्या कीर्तनात अभंगाचे निरूपण हे फळ आणि दृष्टांत, विनोद, चाल हे मीठ. चिंतन पिकलेले असेल तर एक दृष्टांत पुरे होतो. चिंतन कच्चे असले की विनोदावर विनोद लागतात. श्रोते हसत घरी जातात आणि दारात कोणी विचारले, ‘आज अभंग कोणता होता?’ तर आठवत नाही.

तेव्हा पारख हवी. पण पारख करायची कशी, येथे खरा नीतीचा प्रश्न आहे. बाजारात पुष्कळजण अंगठ्याने दाबून पाहतात. दहाजणांनी दाबलेला जांब संध्याकाळी काळा पडतो. तो कोणी घेत नाही आणि टोपलीवाली माय तो मातीमोल देते किंवा गुरांपुढे टाकते. आपल्या पारखीची किंमत तिच्या पदरातून गेली. दाबायची गरजही नसते. गडद हिरवा रंग निवळून फिकट पिवळसर झाला, सालीला तकाकी आली, देठाजवळ वास सुटला आणि फळ हाताला जड लागले, की ते पिकले. डोळा आणि नाक फळाला इजा करीत नाहीत.

गोरोबाकाकांची कथा तुम्हाला पाठ आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून तेरच्या त्या कुंभाराने संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली आणि नामदेवरायांना कच्चे मडके ठरवले. आपण ही कथा ऐकतो आणि दुसऱ्याला कच्चा म्हणायला मोकळे होतो. पण पुढचे विसरू नका. कच्चे ठरले म्हणून नामदेवांना कोणी टाकले नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, गुरुकृपा झाली. आज पंढरीत नामदेव पायरीवर आपण पाय ठेवीत नाही, तिला मस्तक लावतो. गोरोबाकाकांची थापटी मडके फोडण्यासाठी नव्हती. आपला अंगठा मात्र पाहता पाहता फोडून ठेवतो; फळालाही आणि माणसालाही.

भरलेला पण हिरवा जांब धान्यात किंवा गवतात ठेवला, तर तीन-चार दिवसांत पिकतो. घरातला मुलगा, सून, नवा माळकरी यांनाही तेवढे दिवस द्यावेत. त्यांना आजच चिरून वर मीठ टाकण्याची घाई नको.

आणि एक पाहा. सर्वांत पिकलेले फळ सर्वांनाच चांगले असते असे नाही. देवळात फोडी वाटताना, ज्या म्हातारीचे दात गेले तिला मऊ फोड द्यावी, बियांचा गर काढून. ज्या पोराचे दात शाबूत आहेत, त्याला करकरीत आवडते. निवडताना खाणारा डोळ्यांपुढे असला, की निवड हीच सेवा होते. डोळ्यांपुढे फक्त आपली जीभ असली, की तीच निवड हाव होते. समाधान मोडते ते हावेने, पारखीने नव्हे.

म्हणून येत्या एकादशीला जांब जरूर निवडून घ्या. डोळ्याने घ्या, नाकाने घ्या, अंगठा मुठीत ठेवा. सगळ्यांत मऊ फोड कोणाची, हे चिरण्याआधी ठरवा. आणि सैंधव चिमटीनेच घाला.

रामकृष्ण हरी.