रंग आणि सत्त्व

कोलंबिया देशाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या पर्जन्यवनात जेमतेम दोन इंच लांबीचा, हळदीसारखा पिवळाधमक बेडूक आढळतो. तो लपत नाही, दिवसाढवळ्या वावरतो. त्याच्या कातडीतील विष दहा माणसांना पुरेल, असा अंदाज केला जातो. तेथील एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांची टोके त्याच्या पाठीवर घासून शिकार करीत आले. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे नामकरण करताना ‘टेरिबिलिस’, म्हणजे भयंकर, हेच विशेषण योजले.

परंतु विचारास प्रवृत्त करते ती गोष्ट वेगळीच. हे विष त्याला रानातील आहारातून लाभते. काचपेटीत जन्मलेल्या आणि पाळीव किड्यांवर वाढलेल्या त्याच्या वंशजांच्या अंगी ते नसते. रंग मात्र तसाच झळझळीत. म्हणजे रंग जन्माने मिळतो. सत्त्व रोजच्या घासातून मिळवावे लागते. मग सत्त्वावाचून रंग मिरविणे ही फसवणूक म्हणावी काय?

याच प्रश्नाचे एक रूप आमच्या दिलसुखनगरच्या मोकळ्या जागांतही दिसते. तेथे रुई उगवते. तेलुगू शेजारी तिला जिल्लेडू म्हणतात. शनिवारी मारुतीला तिच्याच पानांची माळ चढते. तिच्या विषारी चिकाच्या पानांवर बिबळ्या कडव्याचे सुरवंट पोसतात. ते नारिंगी फुलपाखरू एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. छोटा चांदवा या निर्विष फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि त्याच्या पुण्याईवर तरून जाते. या सोंगाला मात्र मर्यादा आहे. खऱ्यांच्या मानाने सोंगे फार वाढली, की पक्ष्यांची भीड चेपते आणि खऱ्यांवरही चोच पडते. उसनी पत वापरणारा प्रत्येक जण सामाईक ठेवीतून खर्च करीत असतो.

येथे हा प्रश्न आम्हां जुन्या मराठी घरांच्या उंबरठ्याशी येतो. राज्यकारभार उर्दूत चालत असताना, १९०७ मध्ये, केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींनी या शहरात विवेकवर्धिनी शाळा उभी केली. त्या पिढीने मराठी नावाला पत मिळवून दिली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा वेगळा झाला, २०१४ मध्ये तेलंगण राज्य आले. आमची आडनावे, गणपती, हळदीकुंकू टिकले. रंग उतरला नाही. पण ज्या वाचनावर आणि लोककार्यावर ती पत पोसली होती, तो आहार आमच्या घरांत कितपत उरला आहे? शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्यास हा भेद चांगला ठाऊक असतो; खुर्चीचा दरारा आणि माणसाचा अधिकार या दोन निराळ्या वस्तू आहेत.

चांदव्याला दोष देता येत नाही, काचपेटीतील बेडकालाही नाही. वारसा घेणे हे पाप नव्हे. ज्या नातवंडांना मराठी अक्षर लागत नाही, तीही निर्दोषच. प्रश्न विचारावयाचा तो त्यांच्यापुढे ताट वाढणाऱ्यांना. बेडकाला आपले अन्न निवडता येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना ते निवडता येते, आणि म्हणूनच हा प्रश्न नीतीचा ठरतो. आडनाव मुलांना आपोआप मिळेल. रात्री जेवणानंतर त्यांच्यासमवेत पानभर मराठी वाचावयाचे की नाही, हे मात्र आम्हांलाच ठरवावे लागेल.