आजोबांना कुणी विचारलं?

आजोबा 82 वर्षांचे, मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ. ऑपरेशन करायचं की नाही, यावर मुलं स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलतात. आजोबा बाहेरच्या खोलीत. त्यांना आजाराचं नावही सांगितलेलं नाही. हे मायेपोटीच होतं, तरी मला पटत नाही.

नुसत्या वयावरून काही ठरत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांची वेगळी तपासणी होते. अशा तपासणीतली एक चाचणी अगदी साधी: खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. लागलेल्या सेकंदांवरून अंगातल्या ताकदीचा अंदाज येतो. स्मरण, आहार, घरी बघणारं माणूस, हेही पाहतात.

ऑपरेशन टाळलं तर गाठीने आतडं बंद पडू शकतं, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. आणि ते आजोबांच्या समोर विचारा.