रांग कोणी मोडायची?

आधी आलेल्याचं काम आधी, हा न्याय आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की तो मोडणाऱ्याशी आपण बसस्टॉपवर भांडतो. हार्ड डिस्कची कामं लावणारी यंत्रणा मात्र तो रोजच मोडते. तिच्याकडे कारणही चांगलं आहे. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद घेते. म्हणजे हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद जातात, आणि हेड त्या ट्रॅकवर न्यायचा वेळ वेगळाच. प्रोसेसरच्या दृष्टीने हा काळ म्हणजे युगं.

समजा, हेड ५०व्या ट्रॅकवर आहे. आधी १९०चा अर्ज आला, मग ५२, ४८, ५५ आणि ४५चे. आल्या क्रमाने गेलो तर हेडला २९९ ट्रॅक फिरावं लागतं. दर वेळी सर्वांत जवळचा अर्ज उचलला तर १६०. जवळपास निम्मं! पण १९०वाला सर्वांत आधी आला होता, तो शेवटी गेला. आणि दरम्यान पन्नाशीच्या आसपासचे नवे अर्ज येत राहिले, तर त्याची पाळी कधीच येणार नाही. शास्त्रात याला उपासमार म्हणतात. शब्द उगीच भडक वाटतो, पण नेमका आहे.

गंमत अशी की यात कोणी दुष्टावा केलेला नाही. प्रत्येक निर्णय त्या क्षणी रास्तच होता. एकूण कामाचा आकडा वाढला, सरासरी सुधारली, आणि ज्याचं काम झालंच नाही तो त्या सरासरीत मोजलाच गेला नाही. 'जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं' या हिशेबाबद्दल जी जुनी शंका आहे, ती इथे तबकडीवर मोजून दाखवता येते.

लिफ्टसारखं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात राहायचं, हा यावरचा जुना तोडगा. आपल्या उदाहरणात हेडचं तोंड खालच्या आकड्यांकडे असेल तर १५० ट्रॅकमध्ये काम होतं, म्हणजे हावरटपणापेक्षाही कमी. वर असेल तर २८५. नशिबाचा भाग आहे, पण प्रत्येकाची पाळी येते. लिनक्समध्ये येन्स ॲक्सबोने लिहिलेल्या 'डेडलाइन' पद्धतीने तर प्रत्येक अर्जाला मुदतच दिली : वाचनाला अर्धा सेकंद, लेखनाला ५ सेकंद. हा भेदभाव मला पटतो. लिहायचा मजकूर बहुधा मेमरीत ठेवून प्रोग्राम पुढे जातो. वाचणारा मात्र उत्तर येईपर्यंत खोळंबतो. समान वागणूक म्हणजे सारखीच मुदत नव्हे.

मला सर्वांत विचार करायला लावते ती मात्र २००१मध्ये सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी मांडलेली कल्पना. एक प्रोग्राम फाइलचा एक तुकडा वाचतो, क्षणभर त्यावर काम करतो आणि मग लगतचा पुढचा तुकडा मागतो. त्या क्षणभरात त्याचा अर्ज रांगेत नसतो. कार्यक्षम यंत्रणा म्हणते, याला काही नको. आणि हेड लांब दुसरीकडे नेते. तेवढ्यात याचा अर्ज येतो. मग परत धाव. अय्यर-ड्रुशेल यांनी याला फसवी स्वस्थता म्हटलं आणि उपाय सुचवला : इतरांचे अर्ज समोर असतानाही काही मिलिसेकंद काहीच करू नका, थांबा. कित्येकदा या थांबण्याने एकूण कामही वाढतं. ज्याने अजून मागितलेलं नाही त्याच्यासाठी जागा धरून ठेवणं! रांगेतले बाकीचे याला वशिलेबाजी म्हणतील, आणि त्यांच्या जागेवरून ते खोटंही नाही.

मग साटा डिस्कमध्ये एनसीक्यू आलं. आता डिस्क एका वेळी ३२पर्यंत आदेश स्वतःजवळ घेते आणि क्रम स्वतः ठरवते. तिला तसा अधिकारही आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला फक्त ब्लॉकचे क्रमांक दिसतात. तबकडी या क्षणी कुठे फिरते आहे हे डिस्कलाच ठाऊक. एका वेळी एकच अर्ज येत असेल तर रांगच नाही, फायदाही नाही. पण अनेकांचे विखुरलेले अर्ज साचले की फरक पडतो.

मात्र डिस्कला अंतर कळतं, माणूस कळत नाही. कोणता आदेश एखाद्याच्या पडद्यावर अडकलेल्या फाइलचा आणि कोणता रात्रभर चालणाऱ्या बॅकअपचा, हे तिच्यापर्यंत सहसा पोचत नाही. वर पाळलेली मुदतही तिथे संपते : यंत्रणेने अर्ज वेळेत पुढे पाठवला, आता डिस्क त्याला ३१ जणांमागे ठेवू शकते. खर्चाची बित्तंबातमी एकाकडे, गरजेची दुसऱ्याकडे. आणि निर्णय ज्याच्या हाताखाली हेड आहे त्याचा. आपल्याकडच्या फायली कशा हलतात हे पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

लिनक्समध्ये ही रांग ३२वरून १वर आणता येते. मग क्रम पुन्हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती येतो, आणि अनेकांचा भार असेल तर बेंचमार्कचा आकडा उतरतो. तो आकडा सगळ्यांना दिसतो. कुणाची फाइल थोडी लवकर उघडली, हे दाखवणारा रकाना त्या तक्त्यात बहुधा नसतो.